हरितगृहातला पडदा ओढता आला पाहिजे



ऊस हे आपले मुख्य पीक. तरीपण आपल्यापैकी काही जणांनी दहा-वीस गुंठ्यांत हरितगृह उभारले आहे आणि बरेच जण जाळीखाली उसाची रोपेही करतात. म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

गेल्या वैशाखात आम्ही एका सभासदाच्या हरितगृहात गेलो होतो. आत ढोबळी मिरची. "जाळी तं लावली ना भाऊ, मंग पानं काऊन करपून रायली?" असा त्यांचा प्रश्न. वर पाहिले, तर काळी जाळी छताखाली तारेने कायमची आवळलेली, आणि माथ्यावरच्या हवेच्या खिडकीचे तोंड तिनेच दाबून टाकलेले. काळे कापड ऊन पिते आणि तीच उष्णता आत सोडते. वरून वाफ निघायला वाट नाही. मग सावली असूनही भट्टी होणार नाही तर काय? अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो, हे बाहेरगावच्या ठेकेदाराला कोण सांगणार!

खरे म्हणजे सावली छताच्या बाहेर धरली तर ऊन आत येतच नाही. पण आपल्याकडच्या वावधानात बाहेरची जाळी फार दिवस टिकत नाही. आत लावायची तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, ऊन परतवणारी, आणि विणीत फटी असलेली लावावी, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. परवडत नसेल तर पांढरी घ्यावी, काळी नको.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती ओढता आली पाहिजे. दुपारी अकरा ते चार ओढावी, सकाळ-संध्याकाळ गुंडाळावी. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ हटत नाही. तेव्हा निम्मी सावली देणारी जाळी कायम असली, तर आधीच कमी असलेला उजेड पुन्हा निम्मा होतो. झाड उंच जाते, फूल गळते. उसाच्या रोपांचेही तेच. काडी नाजूक, पान फिके, आणि शेतात लावले की ऊन लागताच माना टाकतात. लावणीआधी काही दिवस रोपांना उघडे ऊन दाखवायलाच हवे.

हिवाळ्यात हाच पडदा रात्री कामी येतो. निरभ्र रात्री प्लॅस्टिकमधून ऊब निघून जाते, छताला दव धरते आणि पानांवर टपकते. त्यातून करपा सुरू होतो. रात्री पडदा ओढला की ऊब खाली राहते. हॉलंडमध्ये १९७३ नंतर तेल महागले, हरितगृहे तापवणे परवडेना, तेव्हा असे पडदे तिकडे झपाट्याने पसरले. आपल्या हरितगृहाला बॉयलर नाही, तो कारखान्यातच बरा! पण पौषातली थंडी आपल्यालाही आहेच. पहाटे मात्र पडदा एकदम उघडू नये. थोडी फट ठेवून हळूहळू उघडावा, नाहीतर वर साठलेली गार हवा झाडांवर कोसळते.

यात आपल्याला नवे काही नाही. अंजनगाव-सुर्जीच्या पानमळ्यात शेवरी-पांगऱ्याची सावली असते, पण मळेकरी ती तशीच ठेवत नाही. पावसाळ्यात फांद्या छाटतो, उन्हाळ्यात दाट राहू देतो. सावली हलती असावी हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपणच लोखंडी सांगाडा आला की ते विसरतो.

"पडद्याचा खर्च वाढते बाप्पा," असे म्हणतात. वाढतो, कबूल. मोटरीचा पडदा महागच. पण लहान हरितगृहाला दोरी, कप्पी आणि हाताने फिरवायचा गिअर पुरतो. अनुदान मिळते म्हणून सांगाडा घाईने उभा करायचा आणि पडद्यावर काटकसर करायची, हे आम्हांस पटत नाही. कर्जाचे हप्ते सांगाड्यावर नव्हे, आतल्या मालावर फिटतात.

म्हणून कोटेशन घेतानाच पडदा ओढता येणारा आहे का, वरची खिडकी मोकळी राहते का आणि कापड किती टक्के सावलीचे, हे लेखी मागावे. आणि आपल्या कारखान्याच्या रोपवाटिकेतली आवळलेली जाळीही फाल्गुनाआधी सोडवून दोरीवर घ्यावी, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे.