फणी आणि धाकदपटशा

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात एक इंग्रजी शब्द घराघरांत पोचला. १० तारखेला रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. आंबेडकर पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेच्या बंदला हिंसक वळण लागले. त्यानंतर दलित वस्त्यांत पोलिसांनी ‘कोम्बिंग ऑपरेशन’ केल्याचा आरोप झाला आणि हा शब्द वस्तीवस्तीत ऐकू येऊ लागला. उच्चारणाऱ्यांपैकी कितीकांना त्याचा अर्थ ठाऊक नसेल. धसका मात्र सर्वांनाच बसला.

अर्थ साधा आहे. कोम्ब म्हणजे फणी. डोक्यातून उवा विंचरून काढाव्यात तशी वस्तीतून माणसे वेचून काढायची, हा त्यातला भाव. ‘घरोघरची झडती’ असे सरळ मराठीत म्हटले असते, तर कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या पुराव्यावर, हा प्रश्न आपसूक पुढे आला असता. परक्या शब्दापुढे सामान्य माणसाला प्रश्न सुचत नाही, आणि सत्तेला तेच सोयीचे असते. त्या दिवसांत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या मृत्यूबाबत गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातून मिळण्यास जुलै २०२५ उजाडला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास त्याच महिन्यात नकार दिला.

परभणीच्या रयतेला परक्या भाषेतली भीती नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दरबाराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या दारात जो हुकूम येई, तो वाचून घ्यायलाही त्याला दुसऱ्याचे पाय धरावे लागत. जप्ती, जरब, दहशत हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने राज्यकर्त्यांबरोबरच मराठीत आले आणि येथेच रुजले. निजाम गेला, मराठवाडा १९५६ साली मराठी मुलखाला जोडला गेला, १९६४ साली महाराष्ट्राने राजभाषेचा कायदा केला. भीतीची भाषा तेवढी मराठी झाली नाही. उर्दूच्या जागी इंग्रजी आली, इतकेच. डॉ. लोहियांच्या ‘अंग्रेजी हटाव’ची चेष्टा करणाऱ्यांनी या जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या घरची नोटिसांची पिशवी उघडून पाहावी.

इंग्रजीतील या शब्दांचे कुळही पाहण्याजोगे आहे. ‘टेरर’ आणि ‘डिटरंट’ हे दोन्ही शब्द भिवविणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाले. पहिला शब्द सरकार आपल्या विरोधकांसाठी वापरते, दुसरा स्वतःच्या शिक्षांसाठी. ‘टेररिझम’ हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जन्मला, तो बंडखोरांसाठी नव्हे, तर गिलोटिनच्या जोरावर चाललेल्या क्रांतिकारी सरकारच्या कारभारासाठी. १९८५ सालचा टाडा कायदा करणाऱ्यांना हा इतिहास आठवला नसावा. आपल्याकडे कायद्याच्या मराठी अनुवादात ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’साठी ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’ असा ठसठशीत शब्द आहे. तो गुन्हा पूर्वी दंडसंहितेच्या कलम ५०३ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दरडावले की हे कलम तत्काळ सुचते. वसुलीवाल्याने बायकापोरांसमोर कुणब्याला दरडावले, तर त्याला ‘रिकव्हरी’ म्हणतात.

पाथरी-मानवतच्या कापूस पिकवणाऱ्यास ‘एनपीए’, ‘डिफॉल्टर’, ‘सरफेसी’ ही अक्षरे आज फौजदाराच्या काठीसारखी वाटतात. वस्तुतः एनपीए ही बँकेच्या खातेवहीतील एक वर्गवारी आहे. तीत गुन्हा कोणताच नाही. ज्या २००२ सालच्या सरफेसी कायद्याच्या नावाने जमीन जाण्याची भीती घातली जाते, त्याच्या कलम ३१ ने शेतजमिनीवरील तारण स्पष्टपणे वगळलेले आहे. हे एक वाक्य मराठीत गावोगावी सांगितले गेले असते, तर कितीतरी घरांची झोप उडाली नसती. बिगर-बँक वित्त कंपन्यांनी कर्जदाराशी सारा पत्रव्यवहार त्याला समजणाऱ्या भाषेत करावा, हा रिझर्व्ह बँकेचाच दंडक आहे. तो पाळून घेण्याची निकड कोणाला वाटत नाही, कारण समजलेली नोटीस तितकीशी भिववीत नाही.

इंग्रजी ही कायद्याची अपरिहार्य भाषा आहे, असे म्हणणारे शहाणे आहेतच. त्यांना १९६२ सालचा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निवाडा दाखवावा. नागपूरच्या एका स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली गेली. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले. कारणे त्याला कळणाऱ्या भाषेत दिली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती स्थानबद्धताच बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अटकेची कारणेही लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले. जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील कार्यकर्त्यांनी हे दोन्ही निवाडे हाताशी ठेवावेत, नोटीस घेऊन येणाऱ्याच्या वतीने मराठी प्रतीची मागणी लेखी करावी, आणि कोणाला उचलून नेले तर अटकेचा कागद मराठीत दिला की नाही, हे ठाण्यावर पहिल्या रात्रीच विचारावे.