लॅपटॉपला आपलं घर ओळखू द्या

बालमित्रांनो, एका वर्गात दोन ‘ओंकार’ असले म्हणजे काय गोंधळ होतो, ते तुम्हांला ठाऊक आहेच. बाईंनी हाक मारली की दोघेही उभे! अगदी असाच गोंधळ घरातल्या लॅपटॉपचाही होतो, बरं का.

वाय-फायची ती छोटी पेटी, म्हणजे राउटर, रेडिओलहरींवरून आपलं नाव सतत पुकारत असते. सेकंदाला साधारण 10 वेळा! लॅपटॉप या हाका ऐकतो आणि नावांची यादी दाखवतो. भिंतीला भिंत लागून घरं असली, तर यादीत शेजाऱ्यांचीही नावं येतात.

मग त्यातलं आपलं कोणतं, हे लॅपटॉपला कसं कळतं? त्याच्याजवळ जणू एक वही असते. एकदा जोडलेल्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड तो तिच्यात टिपून ठेवतो. ते नाव पुन्हा ऐकू आलं, की आपल्याला न विचारता जोडून मोकळा!

गफलत होते ती इथेच. 2020 साली शाळा बंद होत्या, तेव्हा कितीतरी घरांत शेजारच्या काकूंच्या वाय-फायवर तास झाले. पुढे आपल्याकडे जोडणी आली, पण वहीतलं काकूंचं नाव तसंच राहिलं. आपला राउटर जरा बंद पडला, की लॅपटॉप गुपचूप काकूंकडे! आणि आपला राउटर सुरू झाला तरी तो सहसा आपणहून परतत नाही. हातातली जोडणी टिकून आहे, तोवर तो ती सोडत नाही.

‘त्यात काय बिघडलं?’ असं म्हणाल. काकूंनी मदत दिली ती अभ्यासापुरती. त्यांना न सांगता आपण रोज त्यावर सिनेमे पाहिले, तर ते बरं नव्हे. दुसरं म्हणजे, स्टेशनवर किंवा हॉटेलात जोडलेलं बिनपासवर्डचं नेटवर्कही वहीत राहतं. तसंच नाव कुणीही आपल्या पेटीला देऊ शकतो, आणि लॅपटॉप फसतो. आईबाबा त्यावर बँकेचं काम करत असले तर?

तेव्हा आता वही साफ करू या. आईबाबांना सोबत घ्या. लॅपटॉप विंडोज 10 किंवा 11 चा असेल, तर असं करा :

1. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या खुणेवरून यादी उघडा. ‘कनेक्टेड’ कोणत्या नावापुढे आहे, ते पाहा.

2. ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. हीच ती वही! नको असलेल्या नावावर ‘फर्गेट’ दाबा.

3. आपल्या नेटवर्कला जोडताना ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’पुढे खूण करा.

4. राउटरला कंपनीनं दिलेलं नाव शेजाऱ्यांसारखंच असेल, तर मोठ्यांकडून बदलून घ्या. ‘चिमणीचं घर’ चालेल. आडनाव, घर क्रमांक मात्र नको. नाव बदललं की घरातली सगळी यंत्रं पुन्हा जोडावी लागतात, हे ध्यानात ठेवा.

काही घरांत एकाच राउटरची दोन नावं दिसतात. एक 2.4 गिगाहर्ट्‌झचं, दुसरं 5 चं. दोन्ही आपलीच! 5 वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. 2.4 जरा सावकाश, पण आतल्या खोलीपर्यंत पोचतं. राउटरजवळ बसलात तर 5 घ्या, लांब बसलात तर 2.4.

या आठवड्याचा गृहपाठ : वहीत किती अनोळखी नावं निघाली, ती मोजा. आणि शेजारच्या काकूंचं नाव निघालं, तर ते पुसण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन ‘तेव्हा मदत केलीत, आभारी आहे’ एवढं सांगून या. वहीतलं नाव पुसायचं असतं, उपकार नव्हे!