मोजून निघा, मोजून परता

पावसाळी रविवारी नवी मुंबईतली मंडळी सायकली घेऊन पनवेलहून नेऱ्याच्या वाटेने गाढी नदीवरच्या देहरंग धरणाकडे निघतात. भातखाचरे, धुक्यातले डोंगर, टपरीवरचा चहा! साठी उलटूनही मी त्यांच्यात असतो. पण भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, डबक्यातला खड्डा दिसत नाही. आणि आपला पाऊस कसा? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला होता!

बँकेत दिवसाची शिल्लक जुळल्याशिवाय आम्ही उठत नसू. सहलीचाही हिशेब तसाच असावा. वेग सर्वांत मागच्याचा धरावा. मोरीवरून पाणी वाहत असेल, तर ‘परत फिरू’ म्हणणाऱ्याला भित्रा म्हणू नये. निघाले तितके घरी पोचले, तरच सहल झाली.