वर्षअखेरच्या दोन वह्या

फाल्गुन सरत आला कीं आमच्या घरीं कपाटांतून दोन वह्या खालीं उतरतात. एक हिशेबाची. तींत घरखर्च काळ्या शाईनें आणि दानधर्म तांबड्या शाईनें लिहिण्याचा प्रघात आजोबांनीं पाडला. दुसरी वाचनाची, घरांतल्या कोणीं वर्षभरांत काय वाचलें, पाहिलें, ऐकलें, आणि तें कसें वाटलें, याच्या दोनचार ओळी तींत असतात. पाडव्यापूर्वींच्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर सारें कुटुंब दिवाणखान्यांत बसतें व दोन्ही वह्या मोठ्यानें वाचल्या जातात. थोरल्यांनीं वाचावें, धाकट्यांनीं जांभया द्याव्या, हाहि प्रघातच. यंदां मात्र जांभया आल्या नाहींत, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

वाचनाच्या वहींत सर्वांत अधिक ओळी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’वर पडल्या आहेत. पुस्तक आमच्या घरांत नवें नव्हे. आईच्या वेळच्या प्रतीचीं पानें आतां सुटीं झालीं आहेत. पण यंदां धाकट्या पुतणीनें तें प्रथम वाचलें आणि चहाच्या वेळीं आम्हां सर्वांना वाचून दाखविण्याचा सपाटा लावला. रेव्हरंड टिळकांचा हात मोठा सैल. देतांना उद्यांचें काय हा विचार त्यांस शिवत नसे, आणि मग उद्यांचें काय तें लक्ष्मीबाईंनीं पाहावयाचें. बाईंनीं सारें हंसत हंसत सांगितलें आहे, म्हणून आपणहि हंसतों. पुतणीनें वहींत लिहिलें आहे, “देणारे टिळक, पुरवणाऱ्या लक्ष्मीबाई.” एवढें मार्मिक परीक्षण आम्हांस साधलें नसतें.

दिवाळीच्या सुटींत मंडळींनीं प्रभातचा ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. दामले-फत्तेलालांचा हा बोलपट १९३६ सालचा. पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. पागनिसांचा तुकाराम पाहून हात आपोआप जोडले जातात हें खरेंच. पण घरांत दाणा नाहीं आणि नवरा विठ्ठलनामांत दंग, अशा संसारांतली जिजाई गौरीबाईंनीं जी उभी केली आहे, तिला तोड नाहीं. उंसाच्या मोळीची आख्यायिका त्या रात्रीं ओघानेंच निघाली. वाटेंत पोरांना ऊंस वांटीत तुकोबा एकच कांडें घेऊन घरीं आले, जिजाईनें तेंच त्यांच्या पाठींत घातलें, त्याचे तुकडे झाले, आणि बरी वांटणी झाली म्हणून तुकोबा हंसले. आम्ही सारे हंसलों. थोरल्या वहिनी हंसल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, “घरच्या पोरांच्या वांट्याला काय आलें, तें कोणी विचारलें नाहीं.”

नातवाच्या शाळेंत वक्तृत्वस्पर्धा होती. तीसाठीं त्यानें कर्मवीर भाऊराव पाटलांचें चरित्र वाचलें. रयत शिक्षण संस्था १९१९ सालीं निघाली, हें त्यास पाठ होतें. पण भाषणांत रंग भरला तो वसतिगृहांतल्या मुलांच्या तोंडीं घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनीं अंगावरचें सोनें मोडलें, मंगळसूत्रहि ठेवलें नाहीं, त्या ठिकाणीं. बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळालें.

मग हिशेबाची वही उघडली. मूळ गांवच्या शाळेला दहा हजार, वाचनालयाला पांच हजार, एका गरीब विद्यार्थ्याच्या खानावळीचे बारा हजार. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत पुरानें शेतें खरवडून नेलीं. वर्तमानपत्रांतलें छायाचित्र पाहून त्याच दिवशीं आठ हजार धाडले. आणि देवळाच्या सभामंडपाला पंचवीस हजार, संगमरवरी पाटीसह. पाटीवरून तरुण मंडळींनीं थट्टा आरंभली, तेव्हां थोरले बंधु उसळून म्हणाले, “नांवाला नांवें ठेवूं नका. १९२० सालीं विठ्ठलदास ठाकरसींनीं कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि आईचें नांव लावलें. कोणाचें काय बिघडलें?” ह्यावर उत्तर नव्हतें. मात्र पंधरा लाख आणि पंचवीस हजार यांतलें अंतर पुतण्यानें हळूच बोटांवर मोजून दाखविलें.

आणखी एक गोष्ट वहीनेंच चहाडी करून सांगितली. देणगीची वजावट जुन्या करपद्धतींत मिळते, नव्यांत मिळत नाहीं. घरांतले दोघे यंदां नव्या पद्धतींत गेले, आणि त्यांच्या नांवांपुढचे आंकडे निम्म्यावर आले. कारण कोणीं विचारलें नाहीं, कोणीं सांगितलेंहि नाहीं.

वही मिटणार, तोंच वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, श्रावणांत पोळ्यांच्या बाईंनीं अकरा हजार मागितले होते, तें कोणत्या पानावर आहे?”

तें कोणत्याच पानावर नव्हतें. बाई आमच्याकडे सोळा वर्षें पोळ्या करीत आहेत. मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम करते. तिच्या फीचा हप्ता भरावयाचा होता. त्यांनीं पैसे उसने मागितले होते, फुकट नव्हे. दानाची रक्कम पाडव्यालाच ठरते, उसनवारीची संवय वाईट, दिवाळीनंतर पाहूं, असें त्यांस सांगणारे आम्हीच. दिवाळीनंतर आम्हीं पाहिलें नाहीं आणि त्यांनीं पुन्हा मागितलें नाहीं. वहिनींना ठाऊक होतें तें असें, कीं बाईंनीं त्याच आठवड्यांत गळ्यांतली पोत गहाण टाकून दरमहा शेंकडा तीन व्याजानें पैसे उचलले. आम्हीं मनांत हिशेब केला: महिना तीनशें तीस, सात महिन्यांचे दोन हजार तीनशें दहा. सोळा वर्षें समोर वावरणाऱ्या बाईचा गळा सात महिने मोकळा होता, आणि तो आमच्या दृष्टीस पडला नव्हता.

बंधु म्हणाले, “ती मदत झाली. दान वेगळें, मदत वेगळी. तिची पावती कोठें मिळते?” कोणी बोललें नाहीं. नातू तेवढा म्हणाला, “लक्ष्मीबाई पाटलांनासुद्धां पावती मिळाली नसेल.” त्याला दटावलें, पण दटावणाऱ्याच्या आवाजांत जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेरा हजार तीनशें दहा रुपये पाकिटांत घालून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों. सोळा वर्षांत तेथें आमचें असें जाणें फारसें झालें नव्हतें. बाईंनीं परातींतले हात पुसले, पाकीट पाहिलें, हातांत मात्र घेतलें नाहीं.

“आतां नकोत, दादा,” त्या म्हणाल्या. “पोरगी शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीला लागली कीं पहिल्या पगारांत पोत सोडवीन म्हणते. तिनें मनाशीं धरलें आहे, तें तिला करूं दे.” मग तव्यावरची पोळी उलटून, आमच्याकडे न पाहतां, “द्यायचेच असतील तर पगार वाढवा. दोन वर्षें झालीं, वाढवला नाहीं.”

दोन वर्षें झालीं होतीं खरीं. पाडव्यापासून दरमहा आठशें वाढविण्याचें ठरलें. दुपारीं आम्हीं वही उघडली आणि संवयीनें तांबडी लेखणी उचलली. वहिनींनीं ती काढून घेतली व काळी हातांत दिली.

पाकीट अजून कपाटांत आहे, वह्यांच्या शेजारीं.