जिल्हा नवा, पण दप्तर कोणाचे?

दर वर्ष-दोन वर्षांनी व्हॉट्सअपवर नव्या जिल्ह्यांची यादी फिरते. उदगीर, अंबाजोगाई, किनवट, पुसद, अचलपूर, मालेगाव, अहेरी, चिमूर अशी वीस-बावीस नावे त्यात असतात. मग कुठे कृती समिती बसते, कुठे बंद पाळला जातो, कुठे मुख्यालय चिमूरला की ब्रह्मपुरीला यावरून दोन गावे समोरासमोर उभी राहतात. या गर्दीत आपली पोरेही गळ्यात निळा गमछा घालून 'जिल्हा झालाच पाहिजे' अशा घोषणा देतात. आमचा त्या घोषणेला विरोध नाही. पण घोषणा देण्याआधी एकही प्रश्न विचारला जात नाही, याला आमचा सक्त विरोध आहे. जिल्हा कोणासाठी? त्यातून गावकुसाबाहेरच्या वस्तीला काय मिळणार?

आधी हिशेब समजून घेऊ. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते. आज ३६ आहेत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर. महसुली विभाग चार होते, त्यांचे सहा झाले. म्हणजे चोपन्न वर्षांत दहा वेळा जिल्ह्याची रेघ नव्याने ओढली गेली. या दहाही वेळी भाषा एकच होती: प्रशासन लोकांच्या दारी येणार, विकास होणार. आमचा साधा प्रश्न आहे. दारी आले ते प्रशासन कोणाच्या दारी आले?

नवा जिल्हा झाला की काय काय जन्माला येते ते पाहा. नवी जिल्हा परिषद, नवा अध्यक्ष, नवा पालकमंत्री. त्या पालकमंत्र्याच्या अध्यक्षतेखाली नवी जिल्हा नियोजन समिती आणि तिचा निधी. नवी कंत्राटे. मुख्यालयाच्या भोवतीच्या जमिनींना नवे भाव. ज्या जातीच्या हातात आधीच जमीन, कारखाना, सोसायटी आणि शाळा आहे, तिच्याच हातात हेही पडते. मोठ्या जिल्ह्यात ज्या पुढाऱ्याला दुसऱ्या तालुक्यातला पुढारी वरचढ होता, त्याला स्वतःची गादी मिळते. जिल्हानिर्मितीच्या बहुतेक आंदोलनांमागे ही गादीची भूक असते आणि पुढे घोषणा द्यायला मात्र आपली पोरे असतात.

यावर कोणी म्हणेल, 'मग काय, मोठाच जिल्हा बरा?' नाही. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली गाठायला दोनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. १९८२ पूर्वी तर त्याला चंद्रपूर गाठावे लागत होते. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून साहेबाच्या दारात जायचे आणि 'आज साहेब नाहीत' ऐकून परत यायचे, हा अनुभव सर्वात जास्त कोणाला येतो? ज्याच्याकडे गाडी नाही, ओळख नाही, त्याला. म्हणून अहेरीसारख्या मागणीत तथ्य आहे. अंतर हाही अन्यायच आहे. पण अंतर कमी झाले की न्याय आपोआप मिळतो, हे साफ खोटे आहे.

पुरावा हवा असेल तर दोन गावांची नावे आठवा. खर्डा आणि खैरलांजी. खर्डा जामखेड तालुक्यात, क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वात मोठ्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये. २०१४ साली तिथे शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलाला मारून टाकले. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. खैरलांजी मोहाडी तालुक्यात, भंडारा जिल्ह्यात. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाल्यावर उरलेला भंडारा हा अवघ्या सात तालुक्यांचा लहान जिल्हा. तिथे २९ सप्टेंबर २००६ ला एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली. २००८ च्या निकालात शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागूच होत नाही असे न्यायालयाने ठरवले. एक सर्वात मोठा जिल्हा, एक लहान जिल्हा. जातीने दोन्हीकडे आपले काम चोख केले.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण लहान जिल्ह्याच्या बाजूने बोलणारे हमखास त्यांचे नाव घेतात. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत बाबासाहेबांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते: मुंबई शहराचे वेगळे राज्य, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. मोठ्या राज्यात बहुसंख्य जात अधिकच प्रबळ होते आणि तिच्या ओझ्याखाली अल्पसंख्य चिरडला जातो, म्हणून लहान राज्य हे अल्पसंख्यांचे संरक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे खरे आहे. पण त्याच पुस्तिकेत त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती कोणी सांगत नाही. प्रत्येक भागात एक मोठी जात जमीन धरून बसलेली असते आणि बाकीच्या लहान जाती तिच्यावर अवलंबून असतात, हे त्यांनी स्पष्ट केले. आणि म्हणून एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त प्रतिनिधी निवडण्याची तरतूद सुचवली, म्हणजे लहान समाजांनाही आपला माणूस पाठवता येईल. नुसती रेघ ओढून ते थांबले नाहीत. रेघेबरोबर संरक्षण मागितले.

याच्या आधीचे त्यांचे १९३२ चे भाषण आठवा. मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा सगळे 'सत्ता गावाकडे' म्हणून टाळ्या वाजवत होते. बाबासाहेबांनी विरोध केला. अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल तर ही सत्ता गावातल्या सवर्णांच्या हाती जाईल, असे त्यांनी ठणकावून सांगितले. १९३२ आणि १९५५ या दोन भूमिकांत विरोध आहे का? आम्हाला दिसत नाही. सत्तेचे क्षेत्र लहान असो वा मोठे, त्यात दुबळ्याचे संरक्षण लिहिलेले आहे का, हाच त्यांचा दोन्ही वेळचा सवाल आहे. शिवाय राज्याला कायदा करणारी विधानसभा असते. जिल्ह्याला तसे काही नाही. जिल्हा म्हणजे अंमलबजावणी. म्हणून जिल्ह्याबद्दल बोलताना नकाशा बाजूला ठेवून दप्तर उघडले पाहिजे.

ते दप्तर काय सांगते? अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा. अत्याचार झाला की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी घटनास्थळी जायचे, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, पीडितांना टप्प्याटप्प्याने अर्थसाहाय्य द्यायचे. खटल्यांसाठी विशेष न्यायालय. ही सगळी यंत्रणा जिल्हा या शब्दाभोवती बांधलेली आहे. मग सांगा, तुमच्या जिल्ह्यात मागच्या वर्षी या समितीच्या बैठका किती झाल्या? इतिवृत्त कोणी पाहिले आहे?

जमिनीचे तेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची आहे. ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची. दादासाहेबांनी ज्या प्रश्नावर भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि तुरुंग भरले, तो प्रश्न आज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका फायलीत आहे. तिथे किती कुटुंबांना जमीन मिळाली, हे आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

शिक्षणातही ही रेघ थेट आपल्या खिशात हात घालते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आली. त्यात मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, इतर विभागीय शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. तालुक्याच्या ठिकाणी शिकणारा मात्र कित्येक वर्षे योजनेबाहेरच होता, नंतर ३८ हजारांवर आत आला. गरिबी तीच, जात तीच, पण कॉलेज कोणत्या दर्जाच्या गावात आहे यावर पोराची भाकर ठरते. जिल्ह्याचे मुख्यालय कुठे होते याला आपल्यासाठी असा अर्थ आहे.

आणि जात पडताळणी. पूर्वी समित्या विभागाच्या ठिकाणी होत्या, आता अनुसूचित जातींसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी आल्या. हा खरा फायदा आहे, तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण अनुसूचित जातींसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा लागतो. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, जालना नव्हता, पालघर नव्हता. आजोबाची नोंद जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, मराठवाड्यात तर अनेकदा निजामकाळातल्या उर्दू कागदांत. रेघ ओढणाऱ्यांनी नोंदींची विभागणी कशी केली, हे विचारले नाही तर फेऱ्या वाढतात आणि प्रवेशाची तारीख निघून जाते.

राहिला नावांचा प्रश्न. नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात आपली घरे जळली, माणसे गेली. २०२२ मध्ये आंध्रात कोनसीमा जिल्ह्याला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले तेव्हा अमलापुरमध्ये मंत्र्याचे घर पेटवले गेले. म्हणजे नाव कोणाला खुपते हे अजून स्पष्ट आहे. पण उत्तर प्रदेशही पाहा. मायावतींनी जिल्ह्यांना कांशीराम नगर, महामाया नगर, ज्योतिबा फुले नगर, छत्रपती शाहूजी महाराज नगर अशी नावे दिली. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि एका निर्णयात कासगंज, हाथरस, अमरोहा, अमेठी परत आले. सरकारी आदेशाने आलेले नाव सरकारी आदेशाने जाते. त्या हाथरसमध्ये २०२० साली काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. पाटी कोणतीही असो, आतल्या खुर्चीवर आपला वचक नसेल तर तिचा उपयोग भाषणापुरता.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. नव्या जिल्ह्याला आंधळा पाठिंबा नाही, आंधळा विरोधही नाही. पाठिंबा अटींवर. जिल्ह्याच्या पहिल्या दिवसापासून अॅट्रॉसिटीचे विशेष न्यायालय आणि दक्षता समिती हवी. जात पडताळणी समिती हवी आणि जुन्या नोंदींची प्रमाणित प्रत नव्या मुख्यालयात हवी. मुलामुलींची शासकीय वसतिगृहे मुख्यालयाच्या इमारतीआधी हवीत. गायरानाची गावनिहाय यादी आणि ती कसणाऱ्या भूमिहीनांची नोंद जाहीर हवी. आणि मुख्यालय पुढाऱ्याच्या गावात नको, सर्वात दूरच्या पाड्याला आणि वस्तीला जवळ पडेल तिथे हवे. पालघर वेगळा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला करा अशी मागणी होती. झाले ते रेल्वेमार्गावरच्या पालघरला. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी आजही घाट उतरूनच साहेबाकडे जातो.

कृती समितीच्या मंचावर तुम्हाला बोलावतील तेव्हा या अटी मागणीपत्रात लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तो जिल्हा कोणासाठी मागितला जात आहे, याचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

आणि नव्या जिल्ह्याची वाट पाहत बसू नका. आज ज्या जिल्ह्यात आहात तिथूनच सुरुवात करा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. जयंतीच्या वर्गणीतून तेवढे बाजूला काढा. दक्षता समितीच्या मागच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते मागा. सबळीकरण योजनेत वाटलेल्या जमिनीचा तपशील मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करा. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी हे केले तरी राज्यभरातून सातशेहून जास्त अर्ज एका महिन्यात जातील. ते वाचायला कलेक्टर कचेरीला आपले दप्तर उघडावेच लागेल.

जयभीम!