होस्ट बिझी आहे

प्रिंटर बंद पडला की आपण संगणकवाले आधी काय करतो? सर्व्हर रिस्टार्ट. आणि मग? ज्यानं तक्रार केली त्यालाच झापतो. मी हे दोन्ही केलंय, त्यामुळे या विषयावर लिहायचा थोडाफार अधिकार मला आहे.

२००६ सालची गोष्ट. कोल्हापूरकडच्या एका दूध संघाचा सर्व्हर सांभाळायला मी जायचो. (नाव सांगत नाही, आणि चूक संघाची नव्हतीच.) दर दहा दिवसांनी गावोगावच्या दूध संस्थांची बिलं निघायची. लिनक्स सर्व्हर, त्यावर कप्स, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्या प्रिंटरला नेटवर्कची वायर लागत नसे, म्हणून मागे साबणाच्या वडीएवढा प्रिंट सर्व्हरचा डबा जोडलेला. बिलं छापायचं काम तात्यांकडे. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला साहेब म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी तात्या म्हणाले, "साहेब, लाईट जाऊन आली तेव्हापास्नं छापतच न्हाई बघा." भारनियमनाचे दिवस ते, लाईट रोजच जायची. सर्व्हर यूपीएसवर होता, त्याला काहीच झालेलं नव्हतं. मी म्हटलं, लाईटचा काही संबंध नाही.

एलपीस्टॅट मारून पाहिलं. रांगेत सहा जॉब, सगळे त्याच बिलांचे. आणि शेजारी संदेश : नेटवर्क होस्ट बिझी आहे, तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करू. झालं, मला आरोपी सापडला! "तात्या, सहा-सहा वेळा प्रिंट दिल्यावर तो बिझी होणारच ना!" हे मी भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच बोललो. तात्या गप्प बसले. मग मी सर्व्हर रिस्टार्ट केला. कप्स जॉब डिस्कवर लिहून ठेवतं, त्यामुळे सर्व्हर उठल्यावर सहाही जॉब जिथल्या तिथे आणि होस्ट परत बिझी. बिलं न्यायला आलेले संस्थांचे सचिव बाहेर दुसरा चहा घेत होते.

आता या 'बिझी'बद्दल. प्रिंटरशी एलपीडी पद्धतीनं बोलणारा कप्सचा भाग ५१५ नंबरच्या पोर्टवर दार वाजवतो. एक काम चालू असताना दुसऱ्याला दारात उभं न करणारे प्रिंटर पुष्कळ, म्हणून दार उघडलं नाही की त्या काळी हा भाग 'बिझी' असं लिहून मोकळा व्हायचा. पलीकडे प्रिंटरच नसला तरी बिझीच! म्हणजे तो निदान नव्हता, अंदाज होता. लिनक्सच्या पॅरलल पोर्टच्या ड्रायव्हरची तर कमालच. कागद आहे, प्रिंटर ऑनलाईन आहे, तरी तो कुरकुरतोय असं दिसलं की ड्रायव्हर लिहायचा 'एलपी झिरो ऑन फायर', प्रिंटरला आग लागली म्हणून!

रिचर्ड स्टॉलमन यांचा किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकला की छपाईसाठी थांबलेल्यांना निरोप जायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा सोर्स मिळेना, आणि ती सोय गेली. हा किस्सा मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवात म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरंच आवडतं : थांबलेल्या माणसाला खरं काय ते कळावं, असं कुणाला तरी वाटलं.

असो. शेवटी सुचलं ते पिंग करायचं. उत्तर आलं. पण त्या पत्त्यावर कुणीतरी आहे एवढंच पिंग सांगतो, कोण आहे ते नाही. टेलनेटनं ५१५ वर गेलो, तर तोंडावर नकार. मग एआरपीची यादी काढली आणि डबा उलटा करून खालचं स्टिकर वाचलं. दोन्ही हार्डवेअर पत्ते वेगळे. लाईट गेली तेव्हा डबा बंद पडला होता. राऊटर यूपीएसवर, चालू. नेमका तेव्हा तपासणीला आलेल्या ऑडिटरनी बॅटरीवरचा लॅपटॉप वायरीला जोडला आणि राऊटरनं डब्याचा मोकळा दिसलेला पत्ता त्याला देऊन टाकला. डब्याला तो पत्ता मी हातानं दिला होता, आणि राऊटरच्या वाटपातून वगळायला विसरलो होतो. मीच!

माझं म्हणणं एवढंच. 'बिझी' हा कुणा प्रोग्रामरनं कधीतरी आपल्या टेबलावर बसून केलेला तर्क. 'लाईट जाऊन आली तेव्हापासून' हे तात्यांनी त्याच दुपारी डोळ्यांनी पाहिलेलं. मी विश्वास ठेवला तर्कावर, कारण तो इंग्रजीत होता आणि स्क्रीनवर होता. आजही कुणी प्रिंट येत नाही म्हणाला की लॉग उघडायला हात शिवशिवतात. लॉग पाहावाच, पण शेवटचं पान किती वाजता आलं, त्याच सुमारास ऑफिसात काय घडलं, हे आधी विचारायला हवं.

लॅपटॉपची वायर काढली. अर्ध्या मिनिटात प्रिंटर खडखडायला लागला आणि सहाच्या सहा जॉब छापत सुटला. रांग आधी रिकामी करायची, तेही मी विसरलो होतो. एकेका संस्थेची सहा-सहा बिलं! दुबार पैसे गेले तर कुणाच्या पगारातून कापणार? मग जास्तीचे पाच गठ्ठे घेऊन तात्या आणि मी 'रद्द'चा शिक्का मारत बसलो. चूक माझी होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. "असू दे वो साहेब," म्हणाले. पण हॉल तोवर रिकामा झाला होता, ऐकायला आम्ही दोघंच होतो.