शाळेचा कॉम्प्युटर फॉरमॅट करताना : सगळं एकट्या सी ड्राईव्हमध्ये नको



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. त्यामुळे बऱ्याच शाळांत कॉम्प्युटर नव्याने फॉरमॅट करायची वेळ आली आहे. कुणी विंडोज ११ टाकतंय, जुन्या मशीनवर ते चालत नाही म्हणून कुणी उबंटू टाकतंय. टेक्निशियन येतो, पेनड्राईव्ह लावतो आणि तासाभरात "झालं सर" म्हणून निघून जातो. त्या तासाभरात एक स्क्रीन येते, जिच्यावर हार्ड डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन दिसतात. त्या स्क्रीनवर काय करायचं हे टेक्निशियनने नाही, शाळेने ठरवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. विंडोज सी ड्राईव्हमध्ये बसतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपला डेस्कटॉप, डाऊनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरसुद्धा सी मध्येच असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणि आपण फाईल कुठे ठेवतो? डेस्कटॉपवर! वर्णनात्मक नोंदी, गुणतक्ते, स्कॉलरशिपच्या मुलांच्या याद्या, गॅदरिंगचे फोटो, सगळं तिथेच पसरलेलं असतं. मशीन बिघडलं आणि सी फॉरमॅट झाला की हे सगळं जातं. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेत असंच झालं. जनरल रजिस्टर कागदावर होतं म्हणून वाचलं, पण चौथीच्या वर्णनात्मक नोंदी सुट्टीत बसून पुन्हा टाईप कराव्या लागल्या. फोटो तर पुन्हा काढता येतच नाहीत.

म्हणून दोन भाग करा. एक सिस्टीमचा, एक शाळेच्या कामाचा. दोनच. पूर्वी दुकानदार सी, डी, ई, एफ असे चार ड्राईव्ह करून द्यायचे, त्याची काही गरज नाही. एका भागात जागा उरते, दुसरा तुडुंब भरतो आणि मग बांध सरकवायची भांडणं सुरू होतात. बांध म्हणतो ते उगाच नाही. शेतात बांध सरकवायचा तर शेजारची जमीन मोकळी लागते ना, तसंच इथे आहे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वाढवायचा असेल तर त्याला लागून उजवीकडे रिकामी जागा असावी लागते. तिथे डी बसलेला असला तर आधी डी रिकामा करून काढावा लागतो. म्हणून माप सुरुवातीलाच नीट ठरवावं.

मग माप किती? विंडोज ११ साठी डिस्क किमान ६४ जीबीची लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण अपडेट येत राहतात, म्हणून ६४ वर थांबू नका. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण २३८ जीबी दिसते (दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे). त्यातले १०० जीबी सी ला आणि उरलेलं डी ला द्या. इन्स्टॉलर माप एमबीमध्ये विचारतो, तिथे १०२४०० लिहायचं. विंडोज स्वतःसाठी एक-दोन छोटे भाग आपोआप करतं. ते कशाला म्हणून डिलीट करू नका, त्यातल्याच एका भागातून मशीन सुरू होतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. पुढच्या वेळी फॉरमॅट करताना त्या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. पार्टिशन १, २, ३ असे नंबर आणि साईज दिसते. दोन्ही भाग सारख्या मापाचे केलेले असतील तर कुठला सी आणि कुठला डी हे ओळखताना घोटाळा होऊ शकतो. म्हणून मापं वेगळी ठेवा आणि ती कॉम्प्युटरच्या डब्यावर स्टिकर लावून लिहून ठेवा. आपली बदली झाली तरी पुढच्या शिक्षकाला ते कळेल.

भाग केले तरी काम अर्धंच झालं. डॉक्युमेंट्स फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन हा टॅब उघडा आणि मूव्ह वापरून तो डी वर न्या. डेस्कटॉपचंही तसंच करा. नाहीतर डी रिकामाच राहील आणि फाईल पुन्हा सी मध्येच साठत जातील.

काही मित्र म्हणतात, आता एसएसडी आहे, एकच भाग ठेवून फोल्डर केले तरी चालतं. घरच्या लॅपटॉपला चालेल, माझी हरकत नाही. पण शाळेचा कॉम्प्युटर दहा जण हाताळतात आणि फॉरमॅट करणारा बाहेरचा असतो. त्याला फोल्डर शोधून कॉपी करायला वेळ नसतो. वेगळा भाग असला तर "याला हात लावू नका" एवढं सांगून भागतं. अर्थात डिस्कच मेली तर सी आणि डी दोन्ही जातात, त्यामुळे महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी ही लागतेच. पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे.

उबंटू टाकणाऱ्यांनी 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' या अर्थाचा सोपा पर्याय डोळे झाकून निवडू नये, त्यात डी पण पुसला जातो. हाताने भाग करायचा पर्याय घ्या. सिस्टीमला ४० जीबी पुरेसे होतात, उरलेली जागा 'होम' नावाच्या वेगळ्या भागाला द्या. पुन्हा इन्स्टॉल करताना होमच्या पुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे स्वतः बघा. आणि विंडोज व उबंटू दोन्ही ठेवणार असाल तर शाळेचा डेटा एनटीएफएस प्रकारच्या भागात ठेवा. तो दोघांनाही वाचता येतो, उबंटूचा ईएक्सटी४ विंडोजला थेट वाचता येत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप तेवढं बंद करा, नाहीतर उबंटूतून त्या भागात फाईल उघडेल पण सेव्ह होणार नाही.